अंगठ्याला माहीत होतं, मनगटाला नाही

फायटिंग गेम खेळणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे: गेमपॅड की आर्केड स्टिक? मी सात वर्षं पॅडवर खेळलो आणि या जानेवारीत स्टिक घेतली. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये तेव्हा मी डायमंड पातळीवर होतो. दोन आठवड्यांत घसरत प्लॅटिनममध्ये आलो आणि तिथेही मार खात राहिलो. हे होणार याची पूर्ण कल्पना होती, त्यामुळे त्याचं रडगाणं गाणार नाही. लिहायचंय ते त्या दोन आठवड्यांत डोक्यात घुसलेल्या एका प्रश्नाबद्दल. गेम तोच होता, पात्र तेच, नियम तेच, डोकंही तेच. मला सगळं माहीत होतं आणि काहीच येत नव्हतं. मग इतके दिवस जे 'येत होतं', ते नेमकं काय होतं? आणि कोणाला येत होतं?

ज्यांनी कधी फायटिंग गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 'हादोकेन' हे नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. र्यू हातातून निळा गोळा फेकतो, तो. त्यासाठी खाली, खाली-पुढे, पुढे असा पाव वर्तुळाचा फेरा काढून ठोशाचं बटण दाबायचं असतं. खेळाडू हे आकड्यांत लिहितात, कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या मांडणीप्रमाणे: २३६. 'शोर्युकेन', म्हणजे उसळी घेऊन मारलेला अपरकट, हा ६२३. पुढे, खाली, खाली-पुढे. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सनी चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. समोरचा उडी मारून अंगावर येतोय हे दिसल्यापासून त्याला हवेत पाडेपर्यंत तुमच्याकडे अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ असतो. त्यात बघायचं, ठरवायचं आणि ६२३ काढायचं.

पॅडवर हे काम डाव्या अंगठ्याचं. अंगठ्याच्या पेराखाली प्लस चिन्हासारखं एक बटण असतं, निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईनं १९८२ साली 'गेम अँड वॉच'साठी बनवलेलं. अंगठा त्यावर फिरतो, घासतो, काही महिन्यांनी तिथे घट्टा पडतो. स्टिकवर हेच काम मनगटाचं आणि बोटांचं. पाटाएवढी पेटी मांडीवर घ्यायची, तिच्यावर डावीकडे लिंबाएवढा गोळा बसवलेला दांडा, उजवीकडे आठ बटणं. दांड्याच्या मुळाशी चार छोटे मायक्रोस्विच असतात. दांडा झुकला की टक् असा आवाज येतो आणि दिशा नोंदली जाते. दांडा कुठवर झुकेल हे ठरवणारी एक चौकट खाली असते. जपानी स्टिकमध्ये ती बहुधा चौकोनी असते. चौकोनाचे चार कोपरे म्हणजे तिरक्या दिशा. शोर्युकेन हुकतं ते बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात. हात कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचून पुढे घसरतो.

माझं नेमकं तेच व्हायचं. उडी दिसायची, मनात 'शोर्युकेन' उमटायचं, हात हलायचा, आणि पडद्यावर र्यू नुसताच दोन पावलं पुढे चालून तोंडावर लाथ खायचा.

मराठीत या भानगडीसाठी दोन वेगळे प्रयोग आधीपासून तयार आहेत. 'मला माहीत आहे' आणि 'मला येतं'. पोहणं माहीत असतं आणि पोहता येतं, यातला फरक आपल्याकडे लहान पोरालाही समजावून द्यावा लागत नाही. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये याच फरकासाठी चांगलं प्रकरणभर भांडण केलं. त्याचा मुद्दा असा की कुशल कृती म्हणजे आधी डोक्यात नियम वाचायचा आणि मग हातानं तो अमलात आणायचा, असं दोन पायऱ्यांचं काम नसतं. शहाणपण त्या कृतीतच असतं. मराठी तर त्याच्याही पुढे जाते. 'मला पोहता येतं' या वाक्यात मी काही करतच नाही, ते माझ्याकडे येतं. आणि आलेलं कुठे राहतं? 'हात बसला' म्हणतो आपण. 'अंगवळणी पडलं' म्हणतो. पोळ्यांवर हात बसलेल्या माणसाला परात बदलली तर चालते, पण लाटणं बदललं की पहिल्या चार पोळ्या वेड्यावाकड्या होतात. माझं लाटणं बदललं होतं.

आता यातून एक मोहात पाडणारा निष्कर्ष निघतो. पॅडवरून स्टिकवर जाणं म्हणजे नकळत केलेली शस्त्रक्रियाच आहे. जे माझ्यासोबत आलं ते खरं, आणि जे मागे राहिलं ते नुसतं हमालीचं काम. माझ्यासोबत काय आलं? अंतराचा अंदाज आला. समोरचा घाबरला की मागे सरकून उडी मारतो, हे वाचणं आलं. कुठल्या हल्ल्यानंतर माझी पाळी आहे, हे आलं. मागे राहिला तो फक्त अंगठ्याचा फेरा. मग खरा खेळ डोक्यातच असणार आणि हात म्हणजे पोस्टमन. पोस्टमन बदलला म्हणून पत्रातला मजकूर बदलत नाही.

तीन-चार दिवस मला हे पटलंही होतं, मग स्वतःच्याच खेळांचे रिप्ले बघितले. त्यांत दिसलं ते वेगळंच. सुरुवातीला मी उडी बघून शोर्युकेन चुकवत होतो. नंतर नंतर मी उड्या बघणंच सोडलं होतं. हातानं ते निघत नाही म्हटल्यावर नजर तिथून हटली होती. मी जास्त मागे राहत होतो, आधीच ब्लॉक धरत होतो, पॅडवर ज्या अंतरावर बिनधास्त उभा राहायचो तिथे जातच नव्हतो. कोणी मला सांगितलं नव्हतं की तिथे उभं राहू नको. म्हणजे पोस्टमन बदलला आणि पत्रही बदललं. डोक्याला काय दिसावं हे हाताला काय जमतं त्यावर ठरत होतं.

मोरिस मर्लो-पाँतीनं आंधळ्या माणसाच्या काठीचं उदाहरण दिलंय. काठी सरावाची झाली की त्या माणसाला हातात काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाशी रस्ता जाणवतो. १९४५ चं पुस्तक आहे, आणि तत्त्वज्ञान वाचणाऱ्यांच्या तोंडी ते उदाहरण इतकं घासलं गेलंय की मला ते द्यायला थोडा संकोच वाटतो. पण पहिल्या आठवड्यात मला खरोखर दांडा जाणवत होता, रस्ता नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात एका मॅचमध्ये समोरच्या केननं उडी मारली आणि तो खाली पडलेला दिसल्यावर मला कळलं की आपण शोर्युकेन मारलं. तेव्हा दांडा कुठे होता हे आठवत नाही.

इथे एक गोष्ट साफ सांगतो, कारण स्टिकवाल्यांमध्ये एक प्रकारचा सोवळेपणा असतो आणि मी त्या पंक्तीला बसलेलो नाही. स्टिक पॅडपेक्षा श्रेष्ठ नाही. २०१४ च्या एव्हो स्पर्धेत 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४'चं विजेतेपद फ्रान्सच्या लुफीनं पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्यापुराण्या पॅडवर मिळवलं होतं. स्टिक परंपरेची मानली जाते ती केवळ आर्केडमध्ये दुसरं काही नव्हतं म्हणून. आणि तीसुद्धा पहिल्यापासून आजच्या रूपात नव्हती. १९८७ साली पहिला 'स्ट्रीट फायटर' आला तेव्हा त्याच्या मोठ्या कॅबिनेटवर दाबाप्रमाणे चालणाऱ्या दोन रबरी गाद्या होत्या. जोरात ठोसा हाणला की पडद्यावर जोराचा ठोसा, हळू हाणला की हळू. लोक दमायचे. मग सहा बटणांची आवृत्ती आली आणि १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'पासून तीच रीत झाली. म्हणजे आज ज्याला आपण अस्सल म्हणतो तीच एकेकाळची सोय होती. हातानं खरा जोर लावायची मेहनत काढून टाकली म्हणून सहा बटणांना कोणी चीटिंग म्हणत नाही.

आपल्याकडे तर या सोवळेपणाचा उलटा विनोद झालाय. नव्वदच्या दशकात आणि पुढची काही वर्षं गावोगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये स्टिकच असायची. 'किंग ऑफ फायटर्स ९७' आणि 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स', ज्याला त्यातल्या पात्रावरून सगळे 'मुस्तफा'च म्हणायचे. घरून मिळालेले सुटे पैसे तिथे घालवणाऱ्या पोरांना 'वाया गेलेली' म्हणत. माझा आतेभाऊ त्यातला. आमच्या शाळेजवळचं पार्लर मी पाचवीत जाईपर्यंत बंद होऊन तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान झालं होतं, त्यामुळे माझ्या वाट्याला ते फारसं आलं नाही. आज चांगली स्टिक बाहेरून मागवावी लागते आणि तिला पॅडच्या कितीतरी पट पैसे पडतात. जी एका नाण्यात कोणाच्याही हाती लागत होती, ती आता पगारदार माणसाची हौस झाली. सीमेपलीकडे लाहोरमध्ये आर्केड टिकली, आणि तिथल्या वातावरणात घडलेला अर्सलान ॲश २०१९ साली एकाच वर्षात एव्हो जपान आणि लास वेगासचं एव्हो, दोन्हीकडे 'टेक्कन ७' जिंकून गेला. आमच्या आतेभावाला वाया गेलेला म्हणणाऱ्यांनी यावर काय म्हटलं असतं कोण जाणे.

तर श्रेष्ठ नाही, स्वस्त नाही, सोपी तर नाहीच. सध्या तर स्पर्धेतले कितीतरी खेळाडू दांडाच टाकून देऊन दिशांसाठीही बटणं असलेल्या लिव्हरलेस पेट्यांकडे चाललेत, कारण बटण दाबायला दांडा झुकवण्यापेक्षा कमी वेळ लागतो. मग मी अवघड वाट का घेतली? 'मजा येते' हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. सहा आठवडे मजा येत नव्हती.

या प्रश्नापाशी आलं की खेळ म्हणजे काय तिथपर्यंत जावं लागतं. बर्नार्ड सूट्सनं १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या करायचं धाडस केलं: स्वखुशीनं अंगावर घेतलेले अनावश्यक अडथळे ओलांडायचा प्रयत्न. अनावश्यक हा शब्द महत्त्वाचा. कबड्डीच बघा. समोरच्या अंगणात जाऊन कोणाला तरी शिवून परत यायचं असेल तर तोंडानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम टिकवायची काय गरज? काहीच नाही. पण तो दम काढला तर चढाई उरत नाही. आता प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ आहे. माझ्या मते तिथे दमाचं काम घड्याळानं घेतलं आणि उच्चार हा बराचसा विधी उरला. तरीही ती कबड्डीच आहे, बघायला मजा येते. म्हणजे अडथळा हलवता येतो. पण कुठला अडथळा म्हणजे खेळ आणि कुठला अडथळा म्हणजे नुसता रस्त्यातला चिखल, हे कसं ओळखायचं?

२०१९ च्या सुरुवातीला दाइगो उमेहारानं हा प्रश्न कॅपकॉमच्या दारात नेऊन ठेवला. दाइगो म्हणजे तोच, ज्यानं २००४ च्या एव्होमध्ये जीव जायला आला असताना चुन-लीच्या सुपरचे सगळे फटके एकामागून एक परतवून जस्टिन वाँगला हरवलं. त्या क्लिपमधला लोकांचा आरडाओरडा फायटिंग गेमशी संबंध नसलेल्यांनीही ऐकलेला असतो. तर त्यानं दिशांसाठीही बटणं आणि शिवाय काही जादा बटणं असलेली एक पेटी वापरायला काढली. कॅपकॉमनं सांगितलं, या रूपात ती स्पर्धेत चालणार नाही. अडचण अशी की दांडा एका वेळी पुढे आणि मागे असा दोन्हीकडे झुकू शकत नाही. बटणं मात्र दोन्ही एकदम दाबता येतात. मग पेटीनं काय समजायचं? गाइलचा 'सॉनिक बूम' थोडा वेळ मागे धरून मग पुढे दाबल्यावर निघतो. मागचं बटण दाबून ठेवूनच पुढचं टिचकावता आलं आणि पेटीनं आपणहून शेवटी दाबलेलं खरं मानलं, तर गाइल दांड्यावर कोणालाही जमणार नाही इतक्या लवकर पुन्हा तयार होतो. पुढे 'स्ट्रीट फायटर ६'च्या काळात कॅपकॉमनं नियम केला: विरुद्ध दिशा एकदम आल्या तर पेटीनं स्वतः त्यातली एक निवडायची नाही.

मला हा नियम फार आवडतो. क्रिकेटमध्ये डेनिस लिलीनं १९७९ साली पर्थला ॲल्युमिनियमची बॅट आणली, तेव्हा इंग्लंडच्या कॅप्टननं तक्रार केली आणि नंतर बॅट लाकडाचीच हवी असा नियम आला. तिथे वस्तूवर बंदी आली. इथे वस्तू चालते. तिनं काय करायचं नाही, एवढंच सांगितलंय: निर्णय घ्यायचा नाही.

पण 'स्ट्रीट फायटर ६'मध्येच दुसरी एक सोय खुद्द कॅपकॉमनं दिली, तिनं माझं डोकं जास्त खाल्लं. तिचं नाव 'मॉडर्न कंट्रोल्स'. त्यात शोर्युकेनला ६२३ लागत नाही. पुढे धरून एक बटण, काम झालं. निर्णय माझाच, पेटीनं घेतलेला नाही. वरचा नियम पाळला गेला. तरी हादोकेन-शोर्युकेनसारख्या स्पेशल चाली अशा शॉर्टकटनं मारल्या तर त्यांचा मार २० टक्के कमी लागतो. हाताच्या मेहनतीची किंमत कोणीतरी चक्क टक्क्यांत काढली.

माझा मॉडर्नवाल्यांवर राग नाही. पण काय काढून टाकलंय ते नीट बघायला हवं. ६२३ मधला पहिला आकडा ६, म्हणजे पुढे. ब्लॉक करायला मागे धरावं लागतं. म्हणजे शोर्युकेन काढायचं तर आधी ढाल खाली ठेवावी लागते. हा अडथळा नुसता बोटांचा व्यायाम नाही. गाइल पुढे चालत आला म्हणजे आत्ता त्याच्याकडे सॉनिक बूम नाही, हे समोरच्याला वाचता येतं. या अडथळ्यांमुळे दोघांमध्ये बोलणं होतं. म्हणून माझी एक कामचलाऊ कसोटी अशी: जो अडथळा समोरच्याला दिसतो, ज्यावर तो डाव रचू शकतो, तो खेळाचा भाग. बाकीचा चिखल. अंगठ्याचं दुखणं चिखल. रबरी गादीवर ठोसे हाणून दमणं चिखल.

ही कसोटी गळकी आहे, हेही लगेच सांगतो. चांगला खेळाडू पहिल्याच मिनिटात तुमच्यावर दोनदा उडी मारून बघतो. तुम्हाला शोर्युकेन काढता येतं का, याची ती चाचणी असते. मी स्टिकवर नवीन होतो तेव्हा ज्यांनी मला धुतलं त्यांनी माझं मनगटच वाचलं होतं. म्हणजे हाताचा कच्चेपणाही समोरच्याला दिसतो, आणि तोही बोलण्याचा भाग होतो. मग तो चिखल की खेळ?

आणि माइक बेगम? 'ब्रोलीलेग्ज' या नावानं खेळणारा. जन्मतःच्या आजारामुळे त्याला हातपाय वापरता येत नसत. तो साधा पॅड समोर ठेवून तोंडानं खेळायचा आणि 'स्ट्रीट फायटर ४'च्या चुन-ली खेळाडूंत ऑनलाइन क्रमवारीत अगदी वर होता. २०२४ साली तो गेला. त्याच्यापुढे 'हाताच्या मेहनतीला मोल आहे' हे वाक्य टाकून बघा. मोल आहेच, त्याच्याइतकी मेहनत कोणी केली असेल? पण ती सगळ्यांना सारखी पडत नाही. माझा स्टिकचा अडथळा मी दुकानातून विकत आणलाय. त्याच्यासारख्या उद्या येणाऱ्या मुलानं मॉडर्न घेतलं तर त्याच्याही चालींचे २० टक्के कापले जातील, आणि कशाबद्दल, हे मला स्वतःला पटेल असं सांगता येत नाही.

आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. मींड काढता येत नाही, स्वर ठोकळेबाज, हा मुख्य आक्षेप. आक्षेप खोटा नाही. पेटीवर दोन पट्ट्यांच्या मधला स्वर नसतोच. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस बसत होता आणि आपलं नाट्यसंगीत तिच्या आधारानं उभं राहिलं. वाद्यात काय नाही हे सांगणं सोपं असतं. त्या 'नाही'सकट माणूस काय करतो ते ऐकावं लागतं.

हे सगळं मला इतकं महत्त्वाचं का वाटतंय, तर मी दिवसभर जे काम करतो तिथे सध्या हेच चाललंय. मी कोड लिहितो. म्हणजे लिहायचो. आता बराचसा कोड एआय सहाय्यक लिहितो आणि मी वाचतो, हलवतो, दुरुस्त करतो. एका वाक्यात फंक्शन पडतं. पुढे धरून एक बटण. टीममधली नवी मुलं कामाला लागली तीच या काळात, आणि त्यांचं काम होतं, वेळेवर होतं. त्यांचे २० टक्के कोणी कापत नाही, कापावेत असंही नाही. पण कधीतरी रात्री काहीतरी कोसळतं आणि कोड उघडून बसावं लागतं, तेव्हा मला एक गोष्ट जाणवते. जो तुकडा मी हातानं लिहिलेला असतो त्यात कुठे बघायचं हे नजरेला माहीत असतं. जो लिहिलेला नसतो, त्यात मी सगळीकडे सारखंच बघतो. मागे राहिलेली नजर, न बघितलेल्या उड्या, हे मला रिप्लेमध्ये दिसलं होतंच. स्टिक घेण्यामागे याचा थोडा हात आहे असं मला वाटतं. रोजच्या कामात हात बसायची जागा कमी होत चालली, तेव्हा कुठेतरी एका ठिकाणी मला पुन्हा पहिल्यापासून अडाणी व्हायचं होतं, जिथे चुकलं की टक् आवाज येऊनही काही होत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही कॉलेजमधून नवीन मुलं घेणार आहोत आणि परीक्षेत सहाय्यक वापरू द्यायचा का, हे ठरवायला चौघांची बैठक झाली. एकाचं म्हणणं, मुळीच नाही, कोरा एडिटर द्या. दुसऱ्याचं, उद्या कामावर वापरणारच आहेत, तर आज का नाही? तिसरी आमची सीनियर. ती म्हणाली, वापरू द्या आणि थोडे गुण कापा. मला हसू आलं, कारण तिला कॅपकॉम माहीत नाही. मी विरोध केला. गुण कापणं म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच तराजूत तोलल्याचा देखावा. मी सुचवलं की सगळ्यांना ऑफिसच्याच मशीनवर तोच एक सहाय्यक द्यावा, कारण कोणाकडे पैसे भरून घेतलेला असतो आणि कोणाकडे फुकटातला. त्यावर काम करून घ्यावं. मग सहाय्यक बंद करून, अट थोडी बदलून, पंधरा मिनिटं त्यांच्या स्वतःच्याच कोडपाशी बसवावं. हातानं कोडमध्ये बदल करायचा आणि कुठे मोडेल ते सांगायचं.

सीनियरनं विचारलं, "आणि ज्याचा हात घाबरल्यावर चालतच नाही, पण एरवी चांगला आहे, त्याचं काय करायचं? तुझी पंधरा मिनिटं त्याच्या कामाबद्दल काही सांगतील, की फक्त घाबरण्याबद्दल?"

मला पहिल्या दोन आठवड्यांतलं माझं मनगट आठवलं. त्या दिवसांत कोणी माझी परीक्षा घेतली असती तर मला हा खेळ येतच नाही असंच त्यानं लिहिलं असतं. मी तिला म्हटलं, मला माहीत नाही. शेवटी आम्ही पंधराची तीस मिनिटं केली, आणि पहिली दहा मोजायची नाहीत असं ठरवलं.